दृढीकरणाचा मोफत वर्ग

आमच्या चर्चनं दृढीकरणाच्या वर्गाला तीनशे रुपये फी लावली, पुस्तिकेचे वेगळे चाळीस, ही बातमी बायकोनं मला सांगितली तेव्हा मी दाढी करत होतो. हनुवटीवर कापलं. पुढे जे काही घडलं त्यात माझं रक्त सांडलं ते एवढंच. बाकी गेली ती अब्रू.

दृढीकरण म्हणजे काय, हे नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी बारा वर्षं समजावतो आहे. तुमच्याकडे मुंज असते ना, तसं समजा, असं म्हटलं की समोरच्या जोशीकाकू समाधानानं मान हलवतात आणि विचारतात, "मग जेवण कुठे असतं?" तर चौदा-पंधरा वर्षांची पोरं पाच-सहा महिने दर रविवारी पाळकसाहेबांपुढे बसतात, प्रश्नोत्तरं पाठ करतात, आणि एके दिवशी पांढरे कपडे घालून मंडळीपुढे उभी राहतात. त्यानंतर त्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि चमचाभर द्राक्षारस मिळायला लागतो. द्राक्षारसाचं मी जोशीकाकूंना अजून सांगितलेलं नाही.

माझी नात जास्मीन यंदा त्या वर्गाला बसणार होती. तिचे आईबाप मस्कतला, म्हणून ती आमच्याकडे. तीनशे चाळीस रुपये मला जड होते अशातला भाग नाही. टेलिफोन खात्याचं पेन्शन आहे. प्रश्न तत्त्वाचा होता. खिशात पैसे असले की माणसाचे बहुतेक प्रश्न तत्त्वाचेच होतात.

त्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची वार्षिक सभा होती. आमचे पाळकसाहेब तरुण, नुकतेच पुण्याहून आलेले, उपदेशाची टिपणं लॅपटॉपवर ठेवणारे. ते म्हणाले, "फुकटच्या गोष्टीला लोक किंमत देत नाहीत, असा अनुभव आहे."

मी उभा राहिलो. उभं राहायचं ठरवलं नव्हतं, पण शेजारी बसलेली बायको, आशालता, कोट ओढून बसवायला लागली तेव्हा लक्षात आलं की आपण उभे आहोत.

"प्रभूनं डोंगरावर उपदेश केला," मी म्हणालो, "तेव्हा खाली पायथ्याशी कोणी तिकिटं फाडत बसलं होतं का? पाच हजार माणसं भाकरी आणि मासे जेवली, त्यांना कूपनं वाटली होती का? लाजरस चार दिवसांनी कबरेतून उठून आला, त्याच्या बहिणींच्या हातात कोणी बिल ठेवलं का?"

मागून एका आजीबाईंनी "आमेन" म्हटलं. त्या कशालाही म्हणतात, पण वेळ अचूक साधली. टाळ्या पडल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी एकदाच टाळ्या पडल्या होत्या, त्या निरोपसमारंभात, आणि त्यांत आनंद जरा जास्तच होता. त्यामुळे मी हरखून गेलो.

पाळकसाहेब हसले. "काका, फार सुंदर बोललात. मग तुम्हीच घ्या ना वर्ग. घरी, मोफत. मंडळीला दोन पर्याय राहतील. परीक्षा मी घेईन."

आता टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात पडल्या. मी खाली बसलो तेव्हा शिक्षक झालेलो होतो.

"अहो, तुम्हाला दहा आज्ञांपैकी आठच आठवतात," आशालता रिक्षात म्हणाली.

"शिकवता शिकवता आठवतील."

पुस्तिका चाळीस रुपयांची. मी जास्मीनच्या मैत्रिणीकडून एक मागून आणली आणि जुन्या पनवेलात शकीलच्या दुकानात झेरॉक्स काढायला गेलो. शेवटच्या पानावर 'सर्व हक्क राखीव' असं छापलं होतं. ते पान मी दुमडून धरलं. या बाबतीत शास्त्राची एखादी आज्ञा असावी असं मला वाटत होतं, पण ती नेमकी न आठवणाऱ्या दोनांपैकी निघाली.

शकीलला मी सगळा मामला सांगितला. त्यानं मशीन चालू ठेवून ऐकला. "अडसूळसाहेब, आमच्या मदरशात पण हाच मसला. मौलवीसाब म्हणतात, इल्म विकायचं नसतं. आणि दोन महिने पगार थकला की म्हणतात, मग काय हवा खाऊन शिकवू? आता बोला, दोन्ही गोष्टी बरोबर आहेत."

"मग तुमच्याकडे काय ठरलं?"

"काय ठरणार? ईदपर्यंत चर्चा चालते, नंतर बिर्याणी येते." त्यानं गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला. "पंचवीस सेटचे चारशे. हे मात्र मोफत नाही हं."

एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण मला चर्चला जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा बोर्ड फाटकावर लावायचा होता. पेंटर अक्षरावर पैसे घेणारा होता. 'दृढीकरण' शब्द पाहून तो म्हणाला, "साहेब, हा 'दृ' मला नीट जमत नाही, आणि जोडाक्षराचे डबल." मी मनाशी म्हटलं, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. शेवटी बोर्ड झाला तो असा: 'मोफत वर्ग. पुस्तके मोफत. दर रविवारी चार वाजता. प्र. अडसूळ, खोली ७.'

रविवारी चारला दहा कमी असताना बेल वाजली ती वाजतच राहिली. एकतीस मुलं आली. कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या, काहींच्या मागे आया. आमच्या मंडळीचं त्यांत एकही मूल नव्हतं. जास्मीनही नव्हती. ती नवा फ्रॉक घालून, केसांना क्लिप लावून चर्चच्या वर्गाला निघाली होती.

"आजोबा, सगळ्या तिकडेच आहेत ना," ती चप्पल घालताना म्हणाली. "आणि आजीनं पैसे भरले."

मी आशालताकडे पाहिलं. ती म्हणाली, "पोरीचं वर्ष वाया घालवू काय तुमच्या तत्त्वापायी?"

घरातच बंड झालेलं, आणि दिवाणखान्यात एकतीस मुलं. एका आईनं विचारलं, "काका, आज गणित की इंग्लिश?"

त्याच क्षणी खरं सांगून सगळ्यांना परत पाठवायला हवं होतं. पण त्या दिवशी मला कोणीतरी विद्यार्थी हवेच होते. "गणित," मी म्हणालो. प्रभूच्या दिवशी, प्रभूच्या नावानं सुरू केलेल्या वर्गात माझं पहिलं वाक्य थापेचं होतं.

बोर्डावर पुस्तकं मोफत लिहिलेली, त्यामुळे आयांनी कोपऱ्यातला गठ्ठा वाटूनही टाकला. झेरॉक्स एकाच बाजूला होती. मागची बाजू कोरी पाहून मुलांनी तिथेच गणितं सोडवायला घेतली. पुढच्या बाजूला पापाची व्याख्या, मागच्या बाजूला अपूर्णांक.

शिकवायला लागलो आणि, खोटं कशाला बोलू, मजा आली. टेलिफोनच्या हिशेबात आयुष्य गेलेलं, भागाकार अंगात मुरलेला. मुलांत जनी नावाची सहावीतली एक मुलगी होती. मी फळ्यावर उत्तर लिहायच्या आधी ती पुटपुटायची. तिची आई गुणाबाई बाजारात मासे विकायची. लेकीला सोडायला यायची आणि तासभर जिन्यातच बसून राहायची. आत या म्हटलं तर म्हणायची, "नको मास्तर, वास येईल."

तीन रविवार असे गेले. मी चर्चला ताठ मानेनं जाऊ लागलो. पाळकसाहेबांनी विचारलं, "किती मुलं येतात काका?" मी म्हटलं, "एकतीस." त्यांच्या वर्गात अकरा होती. त्यांचा चेहरा पडला तो पाहून मला जो आनंद झाला, त्यासाठी वेगळा पश्चात्ताप करावा लागेल.

मग सल्ले सुरू झाले. सोसायटीचे चेअरमन भगवानशेठ एका संध्याकाळी मला खाली गाठून म्हणाले, "मास्तर, फुकट काय देव नका. आमच्या बानं जमीन जवल जवल फुकटच सोडली. आज तितं लोकांचं टावर हायत, न् आमी त्यांच्या गाड्या मोजताव." भगवानशेठच्या स्वतःच्या तीन बिल्डिंगा आहेत. पण दुःख खरं होतं.

तळमजल्यावरच्या हेतल मॅडम कोचिंग क्लास चालवतात, महिना सहाशे. त्यांची नऊ मुलं माझ्याकडे आलेली. त्या वर आल्या, सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "अंकल, हा सगळा खर्च कोण करतं?"

"माझं पेन्शन."

"ते झालंच. पण खरं कोण करतं?"

आठवड्याभरात बिल्डिंगमध्ये ठरून गेलं की मला अमेरिकेतून पैसे येतात. अमेरिकेतून मला आजवर एकच गोष्ट आली आहे. मेहुण्याचं नाताळचं कार्ड. त्यालाही तिकीट कमी लावलेलं होतं, भुर्दंड मीच भरला.

हसण्यावारी नेलं, पण एकदा जिन्यात जोशीकाकू समोरून आल्या आणि त्यांनी नजर खाली घातली. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा नातू माझ्याकडे यायचा, तो बंद झाला. त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ बूट न काढता बसलो होतो. बारा नाताळ मी त्या घरात केक आणि करंज्या पोचवल्या होत्या, आणि त्यांची दिवाळी आमच्या ताटात आलेली होती. फुकट भागाकार शिकवला तेवढ्यात हे सगळं पुसलं गेलं?

चौथ्या रविवारी बेल वाजली, आणि मुलांच्या मागोमाग हवालदार आले. वयस्कर, चष्मा लावलेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. निनावी अर्ज होता, मी फुकट वर्गाच्या नावाखाली मुलांचं धर्मांतर करतो असा.  जिन्यातली गुणाबाई उठून दारात उभी राहिली.

"तुम्हीच अडसूळ? वर्ग कसला घेता?"

"गणिताचा."

त्यांनी पुढच्या मुलाच्या हातातला कागद उचलला. पापाची व्याख्या वाचली. मग कागद उलटला, अपूर्णांक वाचले. पुन्हा सुलटा केला. "यात गणित कोणतं?"

"मागचं."

"आणि पुढचं?"

"ते दुसऱ्या वर्गाचं. त्या वर्गाला कोणी आलंच नाही."

हे वाक्य पोलिसापुढे म्हणताना जेवढं लाजिरवाणं वाटलं, तेवढं ते कबुलीजबाबात चोरी लिहून देतानाही वाटलं नसतं. हवालदारांनी खुर्ची ओढली. "फी किती?"

"काही नाही. मोफत."

"का?"

 डोंगरावरचा उपदेश त्यांना सांगणं त्या परिस्थितीत शहाणपणाचं झालं नसतं. मी म्हणालो, "तत्त्व आहे माझं."

"साहेब, तत्त्वाचा रकाना आमच्या फॉर्मात नाही." ते खरंच कळवळून बोलत होते. "हे बघा, पैसे घेतले असते तर भानगडच नव्हती. शिकवणी म्हणून लिहिलं असतं, चहा घेऊन गेलो असतो. पण फुकट म्हटलं की आमिष येतं. आमिष आलं की चौकशी आली. सोमवारी साहेबांपुढे या. चर्चचं पत्र आणा की हा वर्ग त्यांचा नाही. आणि फी घेत असाल तर पावतीपुस्तक आणा."

"पण मी घेत नाही."

"सोमवारपर्यंत घ्यायला लागा," ते म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

म्हणजे चर्चनं पैसे घेतले म्हणून ते बाजारू, आणि मी घेतले नाहीत म्हणून मी गुन्हेगार.  

संध्याकाळी मी पाळकसाहेबांच्या घरी गेलो. वाटेत तीनदा परत फिरलो. पत्र मागायचं म्हणजे एकतीस मुलांचं रहस्य सांगणं आलं. सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते मुळीच हसले नाहीत. उलट लॅपटॉप मिटून म्हणाले, "काका, खरं सांगू? फी लावायची माझी इच्छा नव्हती. कमिटीची होती. मागच्या वर्षी मोफत होतं तर चार मुलं यायची, ती पण पाऊस नसला तर. यंदा तीनशे लावले तर अकरा झाली आणि आईबाप स्वतः सोडायला येतात. तुमचं भाषण मला पटलं होतं. पण मी रविवारी रिकाम्या बाकांना शिकवलेलं आहे हो. ते फार वाईट असतं."

हे मला चार रविवारांपूर्वी कळलं नसतं. त्या दिवशी कळलं.

त्यांनी सुंदर अक्षरात पत्र लिहिलं, शिक्का मारला, आणि मग ओशाळून म्हणाले, "काका, याचे वीस रुपये. दाखला देण्याची फी आहे. कमिटीचा जुना ठराव."

"कोणी केला असला ठराव?"

त्यांनी इतिवृत्ताची वही काढून दाखवली. सूचक : श्री. प्र. अडसूळ. मी वीस रुपये दिले आणि पावती घेतली.

मग बाजारातून पावतीपुस्तक घेतलं. फी ठेवली महिना दहा रुपये. त्याहून कमी घ्यायला मला हिंमत झाली नाही आणि जास्त घ्यायला लाज वाटली. सोमवारी ठाण्यात साहेबांनी पत्र वाचलं, पुस्तक चाळलं. "दहा रुपये फक्त? असो. म्हणजे धंदाच आहे ना?"

आयुष्यात मला कोणी धंदेवाईक म्हटलं असतं तर मी त्याला कोर्टात खेचला असता. "हो साहेब," मी म्हणालो, "धंदा आहे."

"मग ठीक आहे." त्यांनी अर्जावर शेरा मारला, 'खासगी शिकवणी, व्यावसायिक स्वरूपाची', आणि तो फायलीत टाकून दिला. हवालदार मला फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांची मुलगी आठवीत होती. पोलिसांना काही सवलत वगैरे असते का, असं त्यांनी आडून आडून विचारून पाहिलं. मला बहिरेपणाचा त्रास आहे असं मी दाखवलं.

दहा रुपये फी झाल्याचं कळताच बिल्डिंगचा जीव भांड्यात पडला. जोशीकाकू स्वतः येऊन म्हणाल्या, "भाऊजी, आधीच सांगायचं ना हो! आम्हाला काय भलतंसलतं वाटत होतं." त्यांनी वाटीभर गुळांबा दिला, पण नातू पाठवला नाही. "दहा रुपयांत काय शिकवणार, नाही का? त्याला आम्ही हेतलकडेच घातला." गाड्या असलेल्या सगळ्यांचा विचार हाच पडला. फुकट होतं तेव्हा त्यांना संशय होता, दहा रुपये झाल्यावर त्यांना दर्जाची काळजी वाटली. हेतल मॅडमची नऊच्या नऊ मुलं परत गेली, वर दोन जास्त. त्या जिन्यात भेटल्या तेव्हा "हाय अंकल" म्हणाल्या, अगदी मनापासून.

पुढच्या रविवारी चारला मी दार उघडून बसलो. मनात वेगळीच भीती होती. जी यायला हवीत तीच मुलं दहा रुपयांपायी येणार नाहीत, आणि त्यांना परत कसं बोलवायचं ते मला कळणार नाही. सव्वाचारपर्यंत कोणी आलं नाही. रिकाम्या सतरंजीकडे बघत मी बसलो होतो. पाळकसाहेबांचे रिकामे बाक माझ्या डोळ्यांपुढे येत होते.

मग जिन्यात पावलं वाजली. पहिली जनी, तिच्यामागून वॉचमनची दोन मुलं, इस्त्रीवाल्याची मुलगी, असं करत बाराजण आले. सगळ्यांत शेवटी गुणाबाई. आज ती जिन्यात थांबली नाही. लुगड्याला हात पुसून आत आली आणि दहाची नोट टेबलावर ठेवली.

मी खालच्या आवाजात म्हणालो, "गुणाबाई, तुमच्याकडून नको. ते पोलिसांना दाखवण्यापुरतं आहे."

ती चिडली. खरोखरच चिडली. "का? माजं पैसं पैसं नाय? मास्तर, फुकट व्हतं तवा मी जिन्यान बसत व्हती. आज पैसं घेऊन आलीय, आज आत बसनार. पावती फाडा."

मी पावतीपुस्तक उघडलं.  पावती क्रमांक एक. "नाव काय लिहू? गुणाबाई...?"

"माजं कशाला? शिकते ती. तिचं लिवा."

मी 'कु. जनी' असं लिहिलं, रक्कम अक्षरी लिहिली, सही केली आणि पावती फाडून दिली. जनीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. गुणाबाईनं ती घडी करून ब्लाऊजात ठेवली आणि भिंतीला टेकून सतरंजीवर ऐसपैस बसली.

तास संपला. मुलं गेली. गुणाबाई दारापाशी थांबली, टोपलीतून केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी काढलं आणि आशालताच्या हातात दिलं. जिताडा माशाचे दोन मोठे तुकडे होते, ताजे, त्या दिवशीच्या बाजारात चारशेच्या खाली न मिळणारे.

"अहो, हे कशाला? किती झाले?" आशालता गडबडली.

"याचं काय नाय. हे फुकट हाय," गुणाबाई म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन जिना उतरली.

आशालतानं माझ्याकडे पाहिलं. तत्त्वाबद्दल ती काहीतरी विचारणार होती. मी म्हणालो, "कोकम आहे का घरात?"